युटिलिटी नाइफ, नग एक

परकारचाचांविषयी मी लिहिलेला पहिला मजकूर एका छापील फॉर्मवर आहे. ‘कॅम्प किचन. लाकडी मुठीची सुरी आढळली. ताबडतोब हटवावी.’ खाली माझी सही आणि शिक्का. तेव्हा मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. सुरीच्या मालकाच्या नावासाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

मी कुवेतमध्ये मीना अब्दुल्लातल्या एका कंत्राटदार कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. रिफायनरीच्या कुंपणाबाहेर आमच्या कामगारांचा कॅम्प आहे, आणि त्या कॅम्पच्या मेसची महिन्यातून एकदा तपासणी करणं हे माझ्या कामात येतं. फरशी निसरडी आहे का, अग्निशामकाची मुदत संपली आहे का, मांसाची सुरी लाल मुठीची आणि भाजीची हिरव्या मुठीची आहे का. मूठ प्लॅस्टिकचीच हवी, पातं न गंजणारंच हवं. लाकूड पाणी पितं आणि त्यात जंतू राहतात, हे मी तेव्हा झोपेतही सांगू शकले असते.

पहिल्याच तपासणीत ती सुरी मला टेबलाच्या खणात सापडली, कोरड्या फडक्याच्या घडीत. पातं वीतभराहून कमी, निळसर काळं, पावसाळी ढगासारखे डाग पडलेलं. फक्त धारेची कड तेवढी पांढरी. एका बाजूला छिन्नीने ठोकलेली जपानी अक्षरं. मूठ फिक्या, हलक्या लाकडाची आणि तिच्या गळ्याशी काळ्या शिंगाचं कडं. टेबलापाशी एक उंच, सडसडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे होते. त्यांचा एप्रन इस्त्रीचा होता. त्या किचनमध्ये इस्त्रीचा एप्रन मी आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

“मॅडम, ही सुरी कंपनीची नाही,” ते म्हणाले. “मग कंपनीचा नियम तिला कसा लागतो?”

मी म्हटलं, नियम जागेला असतो, वस्तू कुणाची का असेना. त्यांनी यावर थोडा विचार केला, पटल्यासारखी मान हलवली आणि सुरी परत घडीत ठेवली.

पुढच्या महिन्यात खण रिकामा होता. मी चौकशी केली तर म्हणाले, “तिला रजेवर पाठवलंय.” त्यांचा चेहरा जराही हलला नाही. तो कधीच हलत नसे.

तिसऱ्या महिन्यात सुरी उघड टेबलावर होती आणि तिच्या मुठीला हिरवी टेप गुंडाळलेली होती. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी वर्कशॉपमधली सगळी हत्यारं तपासून त्यांना त्या तिमाहीच्या रंगाची टेप लावतात. पाने, हातोड्या, करवती. त्या तिमाहीचा रंग हिरवा होता. मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जाऊन हत्यारांचं रजिस्टर उघडलं. पान्यांच्या आणि पकडींच्या मध्ये नोंद होती : ‘युटिलिटी नाइफ, नग एक. वापर : सर्वसाधारण. स्थिती : उत्तम.’ आणि पानाच्या तळाशी तपासणी अधिकाऱ्याची सही होती. ती माझी होती. त्या यादीत शेकडो हत्यारं असतात आणि मी ती न वाचता सही केली होती.

मी किचनमध्ये परत आले. चाचा काकडी चिरत होते.

“कागद पक्का आहे ना?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पक्का आहे. फक्त मूठ दर महिन्याला मला दाखवायची, भेग दिसली तर सुरी बाद. ते म्हणाले, दाखवीन. आणि त्यांनी ती शेवटपर्यंत दर महिन्याला दाखवली, मी विचारायच्या आत.

इब्राहिम परकार हे त्यांचं पूर्ण नाव. गाव बाणकोटच्या खाडीवरचं. कुवेतमध्ये ते किती वर्षं आहेत हे विचारलं की ते वर्षं सांगत नसत, किती मेस मॅनेजर येऊन गेले ते सांगत. मी आले तेव्हा नववा चालू होता. हुद्दा असिस्टंट कुक. प्रत्यक्षात कढईजवळ ते क्वचितच जात. त्या मेसमध्ये जे जे चिरलं जाई, कांद्यापासून माशापर्यंत, ते त्यांच्या टेबलावरून जाई. मोठ्या कामाला कंपनीच्या सुऱ्या होत्याच. जपानी सुरी बाहेर पडे ती टोमॅटो, लिंबू, मिरची, मासा अशा नाजूक कामाला. एका खांद्यावर हाताचं फडकं, दुसऱ्यावर सुरीचं. दर चार-पाच कापांनंतर सुरी पुसायची, कारण ते पोलाद ओलं राहिलं तर चहा पिऊन होईपर्यंत गंज धरतं. कुणी चुकून सुरीच्या फडक्याला हात पुसले, तर ते काही बोलत नसत. फडकं धुवायला टाकत, नवीन काढत आणि त्या माणसाला त्या दिवशी कांदे सोलायला देत.

सुरी हातातून हातात द्यायची नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. टेबलावर ठेवायची, आपला हात काढून घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायची. मला तो इतका आवडला की मी माझ्या ट्रेनिंगमध्ये घातला, चित्रासकट. आम्हाला कंत्राट देणाऱ्या वरच्या कंपनीने त्याबद्दल आमची पाठ थोपटली. किचनच्या लोकांना ते ट्रेनिंग सक्तीचं होतं, म्हणून चाचाही येऊन शेवटच्या रांगेत बसले, सगळं ऐकलं आणि शेवटी हात वर करून विचारलं की टेबल ओलं असेल तर काय करायचं. पुढच्या आवृत्तीत तेही घातलं.

त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता : “खाल्लं जाईल.” सणाची बिर्याणी असो की मी घरून नेलेले मोदक, यापुढे ते गेले नाहीत. मोदक त्यांनी तीन खाल्ले. मग म्हणाले, खाल्लं जाईल.

ती सुरी त्यांना कशी मिळाली, हे त्यांनी मला आपणहून कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ओकुदा नावाचे एक वयस्क जपानी इंजिनिअर कॉम्प्रेसर चालू करून द्यायला आले होते. ते मेसमध्ये येत, ताट घेत, ताटाकडे बघत बसत आणि तसंच परत ठेवत. मसाला त्यांना सोसत नव्हता. तक्रार करायची पद्धत नसावी, किंवा भाषा नसावी. पंधरवड्यात त्यांची पँट पट्ट्याखाली चुण्या पाडायला लागली, ते चाचांनी काउंटरच्या मागून पाहिलं. शुक्रवारी ते फहाहीलच्या मासळी बाजारात गेले, एक पापलेट आणलं, त्याला फक्त मीठ लावून भाजलं आणि साध्या भाताबरोबर ओकुदासाहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी काटेसुद्धा चोखले. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच किचनच्या दारात येऊन उभे राहिले. चाचा टोमॅटो चिरत होते. साहेबांनी टोमॅटोच्या फोडीकडे पाहिलं, बोर्डावर सांडलेल्या रसाकडे पाहिलं, खोलीवर गेले आणि ही सुरी आणि एक दगड घेऊन आले.

“काय बोललात मग तुम्ही?” मी विचारलं.

“काय बोलणार? त्यांना हिंदी येत नव्हती, मला इंग्लिश नव्हती. त्यांनी एक टोमॅटो कापला. मग मी एक कापला. असे अर्धी टोपली कापले.”

ओकुदासाहेब त्यानंतर दोन महिने राहिले. रोज संध्याकाळच्या जेवणाआधी दोघं किचनच्या मागच्या पायरीवर बसून दगडावर सुरी घासत. जायच्या दिवशी साहेबांनी सुरी फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला. चाचांनी ती उचलली. झालं. पत्र नाही, फोन नाही. पुढे दुसरा एक जपानी तरुण आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याच्याकडून पात्यावरची अक्षरं वाचून घेतली. घडवणाऱ्या लोहाराचं नाव आणि त्याचं गाव, एवढंच होतं. मी चाचांना उत्साहाने जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “गाव आहे ना त्याला? मग ठीक.”

एकदा मी त्यांना एगैलाला आमच्या घरी जेवायला आणलं. नवऱ्याने त्यांच्याशी गप्पा मारायचा बराच प्रयत्न केला. चाचा ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणत ओट्याकडे बघत होते. जेवण झाल्यावर त्यांनी आमच्या सगळ्या सुऱ्या मागून घेतल्या, पिशवीतून दगड काढला, तो पाण्यात भिजत घातला आणि तासभर सिंकशी उभे राहून एकेक सुरी घासली. माझी मुलगी दारात उभी राहून पाहत होती. तिने मला विचारलं, “इज ही अपसेट विथ अस?” मी म्हटलं, नाही, त्यांना जेवण आवडलंय. पुढच्या आठवड्यात नवऱ्याचं बोट कापलं, मग माझं, मग पुन्हा नवऱ्याचं. इतकी वर्षं आम्ही बोथट सुऱ्या दाबून चालवत होतो, ते आम्हाला तेव्हा कळलं.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगायला हवी.

त्या दिवशी किचनमध्ये नवे हातमोजे आले होते आणि खोका प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला होता. मी घाईत होते. चाचा नमाजाला गेले होते आणि सुरी टेबलावर होती. मी पट्टीखाली टोक सरकवून वर उचकटलं. पट्टी तुटली नाही. टोक तुटलं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा फरशीवर पडल्याचा आवाजही आला. मी, जी दर महिन्याला शंभर माणसांना सांगते की हत्यार ज्या कामाचं त्याच कामाला वापरा.

चाचा परत आले तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यांनी सुरी उचलली, टोकाकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलायला लागले. त्यांनी फक्त विचारलं, “तुकडा कुठं आहे? कुणाच्या ताटात जायला नको.”

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून तुकडा शोधला. तो त्यांनी कागदात बांधून कचऱ्यात टाकला. मी म्हटलं, मी नवीन मागवून देते, जपानहूनच. ते म्हणाले, “शुक्रवारी दुपारी ये. दगड भिजवून ठेवतो.”

त्या दिवसापर्यंत मी ‘मॅडम’ होते आणि ‘तुम्ही’. त्या दिवशी ‘ये’ झालं, आणि शुक्रवारी ‘बाय’. कोकणात घरच्या लेकी-सुनांना म्हणतात तसं.

मोडलेलं टोक धारेकडून घासायचं नसतं, पाठीकडून घासायचं. पाठ हळूहळू उतरवत आणायची, जिथे ती धारेला भेटेल तिथे नवीन टोक. सुरी तेवढी आखूड होते. हे मी तोंडाने दोन-तीन वाक्यांत सांगितलं. करायला सहा शुक्रवार लागले. मागच्या पायरीवर मी दगडाशी, चाचा शेजारी उपड्या क्रेटवर. समोर कॅम्पची भिंत, तिच्यापलीकडे रिफायनरीची ज्योत. ते शिकवत नसत. मी चुकले की “हं” म्हणत. पाचव्या शुक्रवारी मी त्यांना विचारलं की तुम्ही माझ्यावर रागावलात का.

“रागावलो होतो,” ते म्हणाले. “दुसऱ्या शुक्रवारपर्यंत.”

सहाव्या शुक्रवारी त्यांनी एक टोमॅटो घेतला, नव्या टोकाने त्याला नुसता स्पर्श केला आणि पातं स्वतःच्या वजनाने आत जाऊ दिलं. फोड उचलून उजेडात धरली. ती इतकी पातळ होती की पलीकडची भिंत दिसत होती. मी वाट पाहत होते. ते म्हणाले, “खाल्लं जाईल.” त्या आठवड्यात हत्यारांच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली : ‘युटिलिटी नाइफ, झीज, दुरुस्त केले.’ कुणामुळे, हे लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी कोशिंबिरीची फोड जाड व्हायला लागली. मला ते लगेच कळलं नाही, मेसमधल्या कुणालाच कळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी आत शिरले की चाचा उजवा हात फडक्यात गुंडाळतात, जणू काही पुसत आहेत. एकदा ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते, मी दिसल्यावर त्यांनी तो खाली ठेवला. मी काही विचारलं नाही. विचारलं तर माझ्या नोकरीप्रमाणे मला काहीतरी लिहावं लागलं असतं, हे मला माहीत होतं.

एका मंगळवारी तपासणी संपत आली तेव्हा त्यांनी मूठ दाखवली. भेग नव्हती. मग त्यांनी डाव्या हाताची तर्जनी दाखवली, पट्टी लावलेली.

“काल कापलं,” ते म्हणाले. “माझंच होतं म्हणून ठीक. शेजारी सलीम उभा असतो.” सलीम त्यांच्या हाताखालचा पोरगा. मग त्यांनी उजवा हात टेबलावर मोकळा ठेवला. तो आपोआप थरथरत होता, बोटं एखादी पेटी वाजवल्यासारखी. “तुझा फॉर्म काढ. धोक्याचं कारण असा रकाना आहे ना, तिथं माझं नाव लिही.”

मी म्हटलं, मी मॅनेजरशी बोलते, तुम्हाला वाढायच्या काउंटरला घेतील. ते म्हणाले, तिथे डाळ उकळती असते. मी म्हटलं, चहाच्या खिडकीला. तिथेही उकळतं पाणी. मी म्हटलं, मग स्टोअरला. तिथे वरच्या फळीवर तेलाचे डबे आहेत. त्यांनी सगळ्या जागा आधीच फिरून पाहिल्या होत्या. तपासणी त्यांनी माझ्यापेक्षा चांगली केली होती.

मी फॉर्म घेऊन ऑफिसला आले आणि तो खणात ठेवला. बुधवारी लिहिला नाही. गुरुवारी दुपारी आमच्या पोर्टा केबिनच्या दारावर टकटक झाली. चाचा इतक्या वर्षांत तिथे कधी आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत येऊन उभेच राहिले.

“माझ्या सुरीबद्दल लिहायला तुला एक मिनिट लागलं होतं,” ते म्हणाले. “माझ्याबद्दल लिहायला दोन दिवस?”

मी त्यांच्यासमोर इंग्रजीत लिहिलं. ‘हाताला कंप. धारदार व गरम वस्तूंचे काम देऊ नये. कर्मचाऱ्याने स्वतः कळवले.’ शेवटचं वाक्य फॉर्ममध्ये लागत नाही. ते मी घातलं. चाचांनी मला ते हिंदीत वाचून दाखवायला सांगितलं, मग मराठीत, मग म्हणाले, बरोबर आहे. ते गेल्यावर मी केबिनचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ कुणाला आत येऊ दिलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. कंपनीचं पत्र आलं, मग कागदपत्रांची कामं बघणारा मंदूब त्यांचा बताका, म्हणजे ओळखपत्र, आणि पासपोर्ट घेऊन गेला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द व्हायला दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत चाचा रोज एप्रन घालून किचनमध्ये येत आणि सलीमशेजारी उभे राहत. सुरी आता सलीम चालवत होता. चाचा “हं” म्हणत.

मला वाटत होतं की ते सुरी सलीमला देतील. थोडंसं असंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू, की मला देतील. त्यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन तिची नोंद रजिस्टरमधून रीतसर काढायला लावली, टेप सोडवली आणि मला गेट पास करायला सांगितला. ती घरी न्यायची होती.

“बायकोला,” ते म्हणाले. “तिने माझ्या हातचं कधी खाल्लं नाही. दोन वर्षांनी घरी जायचो, दोन महिने पाहुणा. मला ओट्याजवळ येऊ देत नसत. मी इकडं काय करतो ते तिला ऐकून माहीत आहे. एकदा करून घालायचं होतं. आता ती चिरेल, मी शेजारी उभा राहून सांगीन.”

मी म्हटलं, त्या ऐकतील का तुमचं?

“नाही,” ते म्हणाले.

नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं की त्या खरंच ऐकत नाहीत. मासे त्या विळीवरच कापतात. सुरी हाताला फार लागते म्हणतात आणि फक्त टोमॅटोला काढतात. पण पुसून ठेवतात. मीठ लावून भाजलेलं पापलेट मात्र घरात आता महिन्यातून दोनदा होतं, आणि तेव्हा चाचा चुलीशेजारी उभे असतात. खाल्ल्यावर त्या काय म्हणतात, हे मी मुलाला विचारलं. म्हणतात, मसाला कुठं आहे?

ते कुवेतहून गेले तो दिवस धुळीचा होता. ऊन होतं पण सूर्य दिसत नव्हता. कॅम्पच्या फाटकाशी विमानतळाची मिनीबस उभी होती आणि तिच्यात रजेवर निघालेले आणखी पाच-सहा जण होते, मोठमोठ्या बॅगांसकट. किचनचे सगळे बाहेर आले होते. चाचांनी प्रत्येकाला मान हलवून सलाम केला, हात कुणाशी मिळवला नाही. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, “टेबल ओलं असेल तर आधी पुसायचं, असं लिहिलंस ना?” मी म्हटलं, लिहिलं. ते म्हणाले, “बरं.”

ते खिडकीशी बसले. दोन्ही हात काखेत घातलेले, थंडी वाजत असल्यासारखे. बस सुरू झाली. किचनचे लोक हात हलवायला लागले, मीही. चाचा आमच्याकडे बघत होते, चेहरा नेहमीसारखाच. बस वळणावर आली तेव्हा त्यांनी उजवा हात काखेतून काढला आणि काचेजवळ वर धरला. तो हलत होता. त्यातला निरोप किती आणि आजार किती, हे मला धुळीतून कळलं नाही. बस फहाहीलच्या रस्त्याला लागेपर्यंत तो हात तिथेच होता.